बल्लारपुरातली हजारावी पौर्णिमा

बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी 1945 साली स्थापन झाली. त्या साली जन्मलेल्यांची हजारावी पौर्णिमा नोव्हेंबर 2025 ते ऑक्टोबर 2026 या बारा महिन्यांत येते. म्हणजे गिरणीच्या बरोबरीनं वाढलेली, तिथं, कोळसा खाणीत किंवा रेल्वेत हयात घालवलेली पिढी आता सहस्रचंद्रदर्शनाच्या पाटावर बसू लागली आहे. हा सोहळा मुळात काय आहे आणि आपण त्याचं काय केलं आहे, हे त्यांच्या निमित्तानं पाहायला हवं.

आधी हिशेब. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी 29.53 दिवस लागतात. हजार पौर्णिमांचे 29,530 दिवस, म्हणजे सुमारे 80 वर्षं 10 महिने. पंचांगानं मोजलं तरी तेच येतं. ऐंशी वर्षांचे 960 महिने, साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणारे एकोणतीस-तीस अधिक मास, आणि वर आणखी दहा महिने. कुणी गुरुजी 80 वर्षं 8 महिने सांगतात, कुणी एक्याऐंशी पूर्ण झाल्यावर मुहूर्त काढतात. या फरकावरून घरात वाद घालू नये. आईच्या तब्येतीला जो महिना मानवेल तो धरावा.

हा विधी एकटा नाही. पन्नाशीच्या वैष्णवी शांतीपासून वयोवस्था शांतींची रांगच लागते. पंचावन्नला वारुणी, साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री, शंभरीला महामृत्युंजय. यातल्या बऱ्याच आता फक्त पोथीत उरल्या आहेत. घरोघरी टिकल्या त्या साठी, पंचाहत्तरी आणि सहस्रचंद्र.

सकाळी गणेशपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध होतं. मग कलश मांडतात, चंद्राच्या प्रतिमेची पूजा होते, होम होतो. कलशातल्या पाण्यानं मुलं-सुना आई-वडिलांना अभिषेक करतात. लहानपणी ज्यांनी आपल्याला न्हाऊ घातलं, त्यांच्या डोक्यावर आपण पाणी घालायचं. या एका क्षणासाठी हा विधी करावा, असं मला मनापासून वाटतं. पुढे काशाच्या वाटीतल्या पातळ तुपात म्हाताऱ्या माणसानं आपलं तोंड पाहायचं आणि ती वाटी दान द्यायची. सुरकुतलेला चेहरा तुपात हलतो, घर गप्प होतं. मग तुला होते, कुठं धान्याची, कुठं गुळाची, कुठं पुस्तकांची. जितकी वर्षं तितक्या दिव्यांनी औक्षण होतं. दुपारी आपल्याकडे वडाभात आणि पुरणपोळी ठरलेली.

अडचण येते ती पहिल्याच प्रश्नाला : जन्म कधीचा? त्या पिढीतल्या कितीतरी जणांची तारीख शाळेत गुरुजींनी 1 जून किंवा 1 जुलै लिहून टाकली. नोकरीला लागताना तीच पुढे चालली, तिच्यावरच सेवानिवृत्ती झाली, पेन्शनही तिच्यावरच. खरा जन्म एखाद्या पुराशी, मोठ्या भावाच्या लग्नाशी किंवा पोळ्याशी बांधलेला असतो, आणि ते सांगणारं माणूस बहुधा आधीच गेलेलं असतं. बायकांची तर कित्येकदा कागदावर तारीखच नसते.

असे सोहळे फक्त मराठी घरांतच होतात असं नाही. काझीपेठ ते बल्लारशा, म्हणजे बल्लारपूरचं स्टेशन, हा लोहमार्ग 1929 मध्ये पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास सरळ जोडलं गेलं. तेव्हापासून या गावात मराठी, तेलुगू आणि हिंदी घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. शेजारच्या तेलुगू घरातली षष्टिपूर्ती पाहिलेल्यांना ठाऊक आहे की तिथं साठीला नवरा-बायकोचं लग्न पुन्हा लागतं. त्याच मार्गानं दक्षिणेत उतरून तमिळनाडूत तिरुकडैयूरला गेलात, तर अमृतघटेश्वराच्या देवळात साठीची आणि ऐंशीची जोडपी पुन्हा माळा घालताना दिसतील. तिथलीच जागा का? यमाचा पाश पडल्यावर शिवलिंगाला मिठी मारून बसलेल्या मार्कंडेयाला शंकरानं तिथं सोडवलं, अशी श्रद्धा आहे.

तो मार्कंडेय आपल्याही घरचा आहे. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जिथं उत्तरेला वळते, तिथं मार्कंड्याचा देऊळसमूह उभा आहे. महाशिवरात्रीला तिथं मोठी जत्रा भरते. मराठी घरात वाढदिवसाचं वर्धापन करताना अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य आणि परशुराम या सात चिरंजीवांसोबत आठवा मार्कंडेय पूजतात आणि तीळ-गूळ घातलेलं दूध पितात. घरच्या आबाजींना तुला झेपत नसेल, होमाचा धूर सोसत नसेल, तर हे वर्धापन करावं आणि जमल्यास त्यांना मार्कंड्याला नेऊन आणावं. त्यात काही कमी पडत नाही.

आता जे बोलायलाच हवं ते. हा सोहळा जोडप्याचा, असं आपण धरून चालतो. वडील असतील तर मांडव पडतो. वडील आधी गेले असतील तर आईचे हजार चंद्र कुणी मोजत नाही. मोजले तरी तिला कुंकू लावताना हात अडतात, ओवाळायला सवाष्णी शोधतात, आणि जिच्यासाठी सगळं चाललं आहे तीच मागच्या खोलीत जाऊन बसते. हे चूक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. गावाला जमलं ते घराला जमायला हरकत नाही. चंद्र तिनंही तितकेच पाहिले. त्यातले निम्मे तरी रात्रपाळीवरून येणाऱ्या नवऱ्याची वाट पाहत.

या दिवाळीला पुण्या-हैदराबादेतली मुलं बल्लारशा स्टेशनवर उतरतील, चार दिवस राहतील. भाऊबीजेचं ओवाळणं झालं की आईजवळ बसा. तिचा जन्म कुठल्या महिन्यातला, कुठल्या सणाच्या पुढचा-मागचा, पाऊस होता की ऊन, कोणत्या गावी, हे तिला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. तिथून 29,530 दिवस मोजा. पौर्णिमा अजून पुढे असेल तर रजा आताच टाका. होऊन गेली असेल तर येत्या पौर्णिमेला तिला अंगणात खुर्ची टाकून बसवा आणि सगळ्यांनी ओवाळा.