चौसष्ट रहिवाशांची काउंटी

अमेरिकेतील काउंटी म्हणजे राज्यांतर्गत, आपल्याकडील जिल्ह्याशी साधर्म्य असलेला प्रशासकीय विभाग. टेक्सास राज्याच्या पश्चिमेस, न्यू मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या लव्हिंग काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे १,७५० चौरस किलोमीटर असूनही २०२०च्या जनगणनेत तेथे अवघे ६४ रहिवासी नोंदले गेले, म्हणजे साधारण २७ चौरस किलोमीटरमागे एक माणूस.

या विरळ वस्तीचे मूळ पाण्यात आहे. पाऊस तुटपुंजा, पश्चिम सीमेवरून वाहणारी पेकोस नदी खारट, त्यामुळे शेती रुजली नाही, खुरट्या झुडपांच्या माळावर गुरे चारण्यापलीकडे फारसे काही साधले नाही आणि पिण्याचे पाणीसुद्धा दीर्घकाळ बाहेरून वाहून आणावे लागले. १८९३ मध्ये स्थापन झालेली ही काउंटी १८९७ मध्ये बरखास्त झाली. १९२०च्या दशकात खनिज तेल सापडल्यावर माणसे आली आणि १९३१ मध्ये ती पुन्हा अस्तित्वात आली. मेंटोन हे तिचे मुख्य ठिकाण; तेथील १९३५ची न्यायालयाची इमारत हीच गावाची ठळक खूण.

आज येथील तेल-वायूच्या विहिरींवर असंख्य कामगार राबतात, पण त्यांचे बिऱ्हाड अन्यत्र असल्याने जनगणनेत ते येथील रहिवासी ठरत नाहीत. म्हणूनच केवळ लोकसंख्येच्या आकड्यावरून या प्रदेशाला ओसाड ठरवणे चुकीचे आहे.