चेंबर वाचवणारा पत्रा : गाडीच्या पोटाखालचा गार्ड कसा निवडावा?

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे भागात पत्र्याचे काम करणाऱ्या छोट्या शेडना तोटा नाही. कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग सारे जवळच्या जवळ होते. जीप, बोलेरो, थार, जिम्नी अशा गाड्यांच्या पोटाखाली गार्ड बसवणे हे या कारागिरांना जमणारे काम आहे. काम लहान दिसते, पण ते चुकले तर गिऱ्हाइकाचे इंजिन जाते आणि कारागिराचे नाव जाते. म्हणून घेणारा आणि बनवणारा, दोघांनीही पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

गार्ड कशासाठी?

इंजिनच्या तळाशी तेलाचे भांडे असते. गॅरेजच्या भाषेत तोच चेंबर. दगडावर आपटून चेंबर फुटला की तेल वाहून जाते. तेलाचा लाल दिवा लागल्यावरही गाडी तशीच दामटली तर बेअरिंग जळते आणि इंजिन जाम होते. चेंबरच्या मागे गिअरबॉक्स, फोर-व्हील गाडीत ट्रान्सफर केस आणि पुढे डिझेलची टाकी, हे सारे उघडेच असते.

कंपन्यांच्या माहितीनुसार २०२० साली आलेल्या थारच्या पोटाखाली २२६ मिमी, २०२३ च्या जिम्नीला २१० मिमी आणि बोलेरोला १८० मिमी मोकळी जागा आहे. माल-माणसे भरली की ही उंची घटते. गार्डही त्यातली थोडी खातो, हे विसरू नये.

आधी रस्ता पाहा

जव्हार-मोखाड्याच्या दगडी वाटांवर किंवा खाणीच्या कामावर गाडी जात असेल, तर जाड धातूचा गार्ड हवाच. शहरातले खड्डे आणि महामार्ग एवढाच वापर असेल, तर कंपनीचे मूळ कव्हर शाबूत ठेवणे बहुधा पुरेसे होते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी भरले होते. तशा पाण्यात गार्डचा उपयोग नाही. पाणी इंजिनात शिरते ते हवा ओढणाऱ्या नळीतून, आणि ती नळी वर असते.

लोखंड की अॅल्युमिनियम?

६० बाय ७५ सेंमीचा गार्ड धरा. ३ मिमी लोखंडी पत्र्याचे वजन सुमारे साडेदहा किलो भरते. ६ मिमी अॅल्युमिनियमचे सव्वासात किलो. दुप्पट जाडीचे अॅल्युमिनियम हलके असूनही कमी वाकते. मात्र ते महाग पडते, दगडावर घासताना अडकते आणि त्याच्या जोडाला आर्गन वेल्डिंग लागते. लोखंड दगडावरून घसरते, वाकले तर हातोड्याने सरळ होते आणि साध्या आर्कवर कुठेही दुरुस्त होते. सतत दगडांवर चालणाऱ्या कामाच्या गाडीला लोखंडच बरे.

खाऱ्या हवेचा हिशोब

वसईत समुद्र आणि मिठागरे दोन्ही जवळ. इथे दगडापेक्षा गंज अधिक पत्रे खातो. लोखंडी गार्डचे सर्व कटिंग, भोके आणि वेल्डिंग आधी पूर्ण करावे आणि मगच जस्ताचा मुलामा द्यावा. मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करायचीच झाली, तर जागा घासून जस्त काढावे. जस्ताचा धूर छातीत गेला की थंडीताप भरतो.

अॅल्युमिनियमला लोखंडी बोल्ट थेट लावल्यास खाऱ्या ओलीत बोल्टभोवतीचे अॅल्युमिनियम झिजते. मध्ये नायलॉन वा रबराचा वॉशर द्यावा. चिखल किंवा गंजावर रबरी कोटिंग मारणे म्हणजे ओल आत कोंडणे. आधी धुवावे, वाळवावे, घासावे, मग कोटिंग. सायलेन्सर, ब्रेक आणि पाणी निघण्याची भोके यांवर कोटिंग नको. किनाऱ्यावरून आल्यावर गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवावे, खारट विहिरीच्या नव्हे.

बसवण्याची रीत

१) गार्ड चेसिसला नट-बोल्टने कसावा. इंजिन वा गिअरबॉक्सवर त्याचा भार येऊ नये.
२) चेंबर आणि पत्रा यांत बोटभर तरी अंतर ठेवावे. अंतर नसेल तर दगडाचा मार थेट चेंबरलाच बसतो.
३) पुढची कड वर वळवावी. दोन पत्रे असतील तर पुढच्याची मागची कड मागच्या पत्र्याच्या खाली यावी, म्हणजे दगडाला अडकायला धार मिळत नाही.
४) बोल्टची डोकी पत्र्यात बुडालेली असावीत.
५) ऑइल काढायच्या बोल्टखाली भोक ठेवावे, चिखल-पाणी निघायलाही भोके ठेवावीत.
६) सायलेन्सरखाली बंद खोका करू नये. सुके गवत साचून पेटण्याचा धोका असतो.
७) गाडीवर आर्क पेटवण्याआधी बॅटरीची तार काढावी, नाहीतर इंजिनचा कॉम्प्युटर निकामी होऊ शकतो.

कायद्याची बाजू

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बंपरपुढच्या क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले. त्यासाठी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा आधार घेतला गेला. म्हणून पोटाखालचा गार्ड बंपरबाहेर काढून बुलबार करू नये. नव्या गाडीच्या वॉरंटीचेही आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्यावे.

कारागीर बांधवांसाठी

दर ठरवताना धातू, जाडी आणि वजन बिलावर लिहा. ३ मिमी सांगून २ मिमी लावणारा एक गिऱ्हाईक कमावतो आणि दहा गमावतो. गिऱ्हाइकानेही व्हर्नियरने जाडी मोजून घ्यावी आणि पहिल्या खराब रस्त्यानंतर बोल्ट पुन्हा कसून घ्यावेत. प्रत्येक मॉडेलचा पुठ्ठ्याचा फर्मा जपून ठेवा. पहिल्या गाडीला दिवस गेला तरी त्याच मॉडेलची पुढची गाडी लवकर उरकते. सुटे काम धंद्यात बदलते ते असेच, आणि बरकतही त्यातच आहे.