लिलावाची दुनिया (लेखांक ९) : लुईंच्या फर्निचरला आजचा भाव

अठराव्या शतकातले फ्रेंच कपाट लिलावगृहात आले की जाणकार आधी त्याची पाठ पाहतात. खण बाहेर काढले जातात, वरची संगमरवरी फरशी उचलली जाते, जडावकाम कोणत्या लाकडावर चढवले आहे ते तपासले जाते. शोध असतो तो ठशाचा. पॅरिसच्या सुतारसंघाने १७४३ साली नियम केला आणि १७५१ पासून तो लागू झाला: प्रत्येक उस्तादाने आपल्या नावाचा ठसा लाकडात उमटवायचा. राजाच्या पदरी असलेल्या कारागिरांना मात्र त्यातून सूट होती. ठसा म्हणजे पुरावा खरा, पण एकट्याने पुरणारा नव्हे. दुरुस्ती करणाऱ्यानेही आपला ठसा मारलेला असतो, आणि खोटा ठसा उमटवणे तर फारच सोपे. ‘बी.व्ही.आर.बी.’ ही अक्षरे मिरवणारी अप्रतिम कपाटे कोणाच्या हातची, याचा उलगडा १९५७ मध्ये झाला. तो कारागीर बेर्नार व्हान रिझेनबुर्ग. पितळी-काशाच्या साजावर मुकुटाखाली ‘सी’ अक्षर दिसले, तर तो साज १७४५ ते १७४९ या काळात बाजारात होता असे ठरवता येते, कारण तेव्हा तांबेमिश्रित धातूवर कर होता आणि हे चिन्ह कर भरल्याची खूण होती.

ठशापेक्षाही मोलाची ठरते ती मालकीची साखळी. राज्यक्रांतीनंतर ऑगस्ट १७९३ पासून जवळजवळ वर्षभर व्हर्साय राजवाड्यातल्या सामानाचा लिलाव चालला. सतरा हजारांहून अधिक नग विकले गेले आणि जगभर पांगले. राजवाड्याच्या जुन्या नोंदवह्यांतला क्रमांक आज एखाद्या कपाटाच्या पाठीवर सापडला, तर त्याची किंमत अनेक पटींनी वाढते. सोळाव्या लुईसाठी रीझनेरने घडवलेले खणांचे बैठे कपाट १९९९ मध्ये लंडनच्या लिलावात सत्तर लाख पौंडांच्या घरात गेले. ते विकत घेणारा होता खुद्द व्हर्सायचा राजवाडा.

अशा शिखरांखालचा उतार मात्र गेल्या पंचवीस वर्षांत घसरडा झाला आहे. रॉथशिल्ड घराणे आणि अमेरिकी धनिक ज्याच्यासाठी एकेकाळी चढाओढ करत, तसल्या मध्यम दर्जाच्या मालाला गिऱ्हाईक मिळणे कठीण झाले. घरे लहान झाली, छत खाली आले, मध्यवर्ती उष्णतेच्या कोरड्या हवेत जडावकाम सुटू लागले. वारसांकडून माल येत राहिला, घेणारे घटले. फॅशनकार कार्ल लागरफेल्ड याने आपला अठराव्या शतकाचा संग्रह २००० साली विकायला काढला आणि तो आधुनिक वस्तूंकडे वळला. पुढे अनेकांनी हीच वाट धरली. त्यात व्हर्सायने घेतलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. २०२५ मध्ये या प्रकरणात एक नामवंत तज्ज्ञ आणि एक लाकूडकोरक दोषी ठरले. ज्यांच्या शब्दावर बाजार चालतो, त्यांच्यापैकीच एक असा निघाल्यावर शंका प्रत्येक खुर्चीपर्यंत पोचली.

पैसा गेला तो फ्रान्सबाहेर नव्हे, फ्रान्सच्याच विसाव्या शतकाकडे. २००९ मध्ये पॅरिसला फॅशनकार इव्ह सॅं-लोराँ याच्या संग्रहातली, डिझायनर आयलीन ग्रे हिची ड्रॅगनच्या आकाराची खुर्ची सुमारे २ कोटी १९ लाख युरोला विकली गेली. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात आपल्या माणिकबाग राजवाड्यासाठी पॅरिसहून मागवलेले सामान १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात निघाले. त्यात रुलमनसारख्या नामवंतांचे काम होते, आणि आज त्या वस्तू संग्रहालये घेतात. वास्तुकार पिएर जनरेच्या चंदिगढी खुर्च्यांची कथा अधिक विचित्र: सरकारी कचेऱ्यांनी भंगारात काढलेला माल युरोपातल्या लिलावांत मिरवू लागला, तेव्हा २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा वारसा-वस्तूंच्या विक्रीला मनाई केली.

जुना माल विकणाऱ्यापुढे मग मार्ग उरतो तो नावाचा. २०२२ मध्ये पॅरिसमध्ये फॅशनकार ह्युबेर द जिव्हाँशी याच्या संग्रहाने सुमारे ११.८ कोटी युरो आणले. त्याच वर्षी ओतेल लाँबेर या पॅरिसच्या जुन्या हवेलीतल्या सामानाने सुमारे ७.६ कोटी. दोन्हीकडे गिऱ्हाइकाने घेतले ते एका माणसाचे, एका वास्तूचे अख्खे वातावरण. तीच टेबले सुटी विकायला ठेवली असती, तर बोली इतकी चढली असती असे वाटत नाही.

असे वलय नसेल तर अंदाजित किंमत खाली ठेवणे हाच शहाणपणा, आणि विक्रेत्यांना नेमका तोच पटत नाही. आजोबांनी दिलेली रक्कम त्यांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. फ्रेंच कायद्यानुसार राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकली जात नाही तो आकडा, जाहीर अंदाजाच्या खालच्या आकड्यापेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणून अंदाज फुगवला की राखीव किंमतही फुगते, बोली तिथवर पोचत नाही आणि वस्तू परत जाते. परतलेल्या मालाची आठवण व्यापारी विसरत नाहीत. पुढच्या खेपेला तो आणखी स्वस्तात मागितला जातो.

हातोडा पडला तरी व्यवहार संपला असे नसते. फ्रान्समध्ये सरकारचा प्रतिनिधी त्याच क्षणी उभा राहून त्याच भावात वस्तू संग्रहालयासाठी मागू शकतो. मागणी पक्की करायला पंधरा दिवस मिळतात. मौल्यवान वस्तू देशाबाहेर न्यायची तर निर्यात-प्रमाणपत्र लागते. वस्तू राष्ट्रीय ठेवा ठरली तर ते तीस महिने अडवले जाते आणि त्या काळात सरकार खरेदीसाठी पैसा उभा करते. कासवाच्या कवचाचे जडावकाम असलेल्या, बूल शैलीच्या कपाटांना वन्यजीव-व्यापाराचे कागदही जोडावे लागतात.