उजेड वाढवण्याआधी

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत टाटाचा जुना 1613 ट्रक लाइटच्या कामाला आला होता. ड्रायव्हरचं म्हणणं एवढंच, की रात्री रस्ता दिसत नाही, एलईडी टाकून द्या. वायरमनने बल्बला हात लावला नाही. इंजिन चालू ठेवायला सांगून त्याने मीटर काढला. बॅटरीवर 27.6 व्होल्ट भरले. डिप्पर लावून हेडलाइटच्या होल्डरवर मोजलं, तर 24.2.

आकड्यातला हा फरक किरकोळ वाटतो, पण तसा नाही. हॅलोजन बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं, तर उजेड तीसेक टक्क्यांनी पडतो. या गाडीचा एक तृतीयांशाहून जास्त उजेड वाटेतच खलास होत होता. करंट बॅटरीतून डॅशबोर्डच्या स्विचमध्ये, तिथून डिप्परच्या दांडीत आणि मग पुन्हा पुढे, असा जुन्या बारीक वायरींतून फिरून येई. त्यात अर्थिंगचा नट गंजलेला.

त्याने अप्परला एक, डिप्परला एक असे रिले बसवले आणि बॅटरीवरून जाड वायर थेट पुढे आणली. आता स्विचने फक्त रिले ओढायचा, दिव्यांचा भार घ्यायचा नाही. फ्यूज मात्र डाव्या-उजव्या दिव्यांना वेगवेगळे.

"एकच ठेवला आणि घाटात उडाला, तर दोन्ही लाइट एकदम जातील, मामा," तो म्हणाला.

चासी घासून अर्थिंग नवी केली. होल्डरवर 27 च्या वर व्होल्ट आले.

रिफ्लेक्टर काळवंडले होते. ते पुसून चकचकीत होत नाहीत, उलट वरचा पातळ मुलामा निघून येतो. म्हणून नवे घेतले. बल्ब तोच, 75/70 वॅटचा एच4.

एलईडी का नको, हे त्याने जुना बल्ब हातात धरून दाखवलं. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडून वर उसळणारा उजेड ती अडवते. रिफ्लेक्टरचा सगळा आकार त्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या पट्ट्या त्याच जागी, त्याच मापाच्या नसल्या, तर उजेड डिप्परच्या झोताच्या वरच्या रेघेपलीकडे फुटतो आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला काही क्षण रस्ताच दिसत नाही. आपल्याला झगझगीत दिसतं म्हणून हा बदल चांगला, असं मी तरी मानणार नाही. आयात केलेल्या दिव्यांत आणखी एक धोका असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून डिप्परचा झोत डाव्या कडेला वर चढलेला हवा. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा दिवा तोच चढ उजवीकडे, समोरच्याच्या डोळ्यांत देतो.

मग फोकस. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, भिंत 10 मीटरवर. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखायची आणि डिप्परची वरची रेघ तिच्या 10 सेंटिमीटर खाली आणायची. काम दोन स्क्रूंचं, पण वेळ इथेच जातो, आणि जायलाच हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106वा नियम माणसाचा डोळा धरूनच लिहिला आहे: दिव्यापासून 8 मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर, जमिनीपासून दीड मीटर उंच. तिथला डोळा दिपता कामा नये.

स्क्रू फिरवण्याआधी वायरमनने विचारलं, "भरलेली चालते की रिकामी?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. माल भरला की मागचे पाटे बसतात आणि नाक वर होतं. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये सव्वाचार मीटर अंतर असेल आणि मागचा भाग पुढच्यापेक्षा फक्त 5 सेंटिमीटर जास्त दबला, तर 10 मीटरवर रेघ जवळपास 12 सेंटिमीटर वर चढते. खाली आणलेले 10 सेंटिमीटर पुसले जातात आणि डिप्पर लावूनही झोत वरच जातो. या गाडीत आत बसून लाइट खाली-वर करायची सोय नव्हती. म्हणून त्याने रिकाम्या गाडीवर फोकस जरा जास्त खाली ठेवला आणि माल भरून झाल्यावर गाडी याच भिंतीसमोर पुन्हा आणायला सांगितली. त्याचे वेगळे पैसे लागणार नव्हते.