मुंबईची पहिली खरेदी: मुक्काम कुठे करायचा?



गाळा मिळाला, भांडवल जमलं, की रत्नागिरीच्या नव्या दुकानदाराची पुढची पायरी ठरलेली असते: मुंबईला जाऊन माल बघायचा. कुठल्या बाजारात काय मिळतं याची चौकशी सगळे करतात. राहायचं कुठे, हा प्रश्न मात्र शेवटच्या क्षणापर्यंत तसाच राहतो. "बघू तिकडे गेल्यावर" किंवा "डोंबिवलीला मावशी आहे की!" एवढ्यावर विषय संपतो.

पण पहिल्या फेरीत मुक्कामाची जागा चुकली, तर त्याचा फटका लॉजच्या बिलात दिसत नाही. तो मालाच्या भावात बसतो. कसा, ते नीट बघूया.

मुळात रात्र राहायचं कशाला?

रात्रीच्या गाडीने जायचं, दिवसभर खरेदी करायची आणि रात्रीच्या गाडीने परत यायचं, हे जमतं. कोकणकन्या पहाटे मुंबईत पोचवते आणि परतीची कोकणकन्या रात्री उशिरा सुटते. ज्यांचे व्यापारी ठरलेले आहेत, ते असंच करतात.

पहिल्या फेरीत मात्र हे महागात पडतं. घाऊक बाजार साधारण साडेदहा-अकराला उघडतो. तुम्हाला गल्ल्या माहीत नाहीत, भाव माहीत नाहीत. दुपारी तीन वाजले की गाडीची घाई सुरू होते आणि समोर जो दुकानदार असेल त्याच्याकडे माल घेतला जातो.

म्हणून पहिली फेरी दोन दिवसांची ठेवा. पहिल्या दिवशी फक्त बघायचं, भाव लिहायचे, व्हिजिटिंग कार्डं घ्यायची. रात्री वही उघडून तुलना करायची. दुसऱ्या दिवशी खरेदी. मधली रात्र ही झोपेची तशीच हिशेबाची रात्र आहे, आणि आपण पैसे मोजतो ते त्या रात्रीसाठी. हे डोक्यात बसलं की जागा निवडणं सोपं होतं.

वारही बघा. रविवारी बहुतेक घाऊक बाजार बंद असतो. रविवारी रात्री निघालात, तर सोमवार आणि मंगळवार बाजाराला मिळतात, मंगळवारी रात्री परतीची गाडी. मुक्काम एकच रात्र. दादर भागात साप्ताहिक सुट्टी वेगळी असू शकते, तिथे आधी फोन करून विचारा.

आधी बाजार, मग लॉज

आपल्याकडे उलटं होतं. आधी स्वस्त खोली शोधली जाते आणि मग तिथून बाजार किती लांब ते कळतं. तुमचा माल कुठे मिळतो त्यावरून भाग ठरवा.

सीएसएमटी, मस्जिद, काळबादेवी: स्टेशनरी, गिफ्टच्या वस्तू, बॅगा हव्या असतील तर अब्दुल रहमान स्ट्रीट. कापडासाठी मंगलदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केट. इलेक्ट्रिकचं सामान लोहार चाळीत, इमिटेशन ज्वेलरी आणि पूजेचं साहित्य भुलेश्वरला. हे सगळं क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईच्या आसपास पायी फिरण्यासारखं आहे. राहायचंही इथेच. खोल्या लहान असतात, खाली हातगाड्यांचा आवाज असतो. पण दुपारी सॅम्पल खोलीत टाकून पुन्हा बाजारात जाता येतं, हा फायदा मोठा आहे.

दादर: साड्या आणि ड्रेस मटेरियलसाठी हिंदमाता जवळ. मध्य आणि पश्चिम रेल्वे इथे मिळतात, त्यामुळे दोन वेगळ्या बाजारांत काम असेल तर दादर मधोमध पडतं. सावंतवाडीहून येणारी तुतारी एक्स्प्रेस दादरलाच संपते. जेवायला आपल्या चवीचं मिळतं, हेही नवख्या माणसाला बरं वाटतं.

वाशी, पनवेल: मसाल्याचा किंवा खाद्यपदार्थांचा उद्योग करणाऱ्यांना कच्चा माल वाशीच्या एपीएमसीत बघायचा असतो. त्यांनी सीएसएमटीपर्यंत जाऊन उलटं येऊ नये. कोकणातल्या गाड्या पनवेलला थांबतात, तिथून हार्बरची लोकल आहे.

ठाणे, कल्याण: रेडीमेड कपडे आणि जीन्ससाठी उल्हासनगर, कापडासाठी भिवंडी. या दोन्हींसाठी मुंबईत शिरायची गरजच नाही.

आपल्या आधीच्या पिढ्यांनी हेच केलं होतं. गिरणीत कामाला गेलेले चाकरमानी लालबाग-परळमध्ये गावमंडळाच्या खोल्यांत दाटीवाटीने राहायचे आणि खाणावळीत जेवायचे. धोबीतलाव-माझगावात गोव्याच्या लोकांचे कूड होते. खोली लहान असली तरी चालेल, पण कामाच्या जागी पायी पोचता आलं पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. तुमच्या गावच्या मंडळाची अशी खोली अजून असेल, तर जरूर विचारा.

मावशीचं घर की लॉज?

नात्याचा प्रश्न बाजूला ठेवून आधी आकडे मांडू. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, बाजाराजवळच्या लॉजचं भाडं १,५०० रुपये. डोंबिवलीला मावशीकडे गेलात, तर भाडं शून्य. पण हातात काहीतरी न्यायचं, त्याचे ३०० आणि रिक्षा-लोकलचे १५०. म्हणजे वाचले १,०५० रुपये.

आता दुसरी बाजू. संध्याकाळची गर्दी टाळायची तर साडेचार-पाचलाच बाजार सोडावा लागतो. सीएसएमटी ते डोंबिवली फास्ट लोकलने साधारण सव्वा तास. रात्री गप्पा होणारच, वही उघडली जात नाही. सकाळी पुन्हा ऑफिसच्या गर्दीतून यायचं. थोडक्यात, दोन-अडीच तासांचा बाजार आणि हिशेबाची रात्र गेली.

ते १,०५० रुपये खरेदीच्या किती टक्के होतात, हे काढा:

२०,००० रुपयांची खरेदी असेल तर सव्वापाच टक्के.
५०,००० ची असेल तर साधारण दोन टक्के.
१ लाखाची असेल तर जेमतेम एक टक्का.

जास्त दुकानं फिरून, तुलना करून भावात एवढा फरक पडेल का, हा खरा प्रश्न. वीस हजारांच्या खरेदीत सव्वापाच टक्के काढणं अवघड आहे, तिथे मावशीचं घर योग्य. पन्नास हजारांच्या पुढे दोन टक्के सहज निघू शकतात, तिथे बाजाराजवळ राहा. मावशीला फोन करून "पुढच्या खेपेला नक्की येतो" म्हणा, ती समजून घेईल.

एकटीने पहिल्यांदा जाणाऱ्या ताईंनी मात्र फक्त टक्के बघू नयेत. ओळखीच्या घरी निर्धास्त झोप लागणार असेल, तर तीही दुसऱ्या दिवशीच्या खरेदीत कामाला येते. लॉजवर राहणार असाल तर रात्री काउंटरला माणूस असतो का, खोलीला आतून कडी आहे का, बाथरूम स्वतंत्र आहे का, हे आधीच विचारा.

पहाटे पोचलात, खोली बाराला!

हा घोळ बहुतेक नवख्यांचा होतो. गाडी पहाटे पोचते आणि लॉजचं चेक-इन दुपारी बाराला. पहाटे खोली मागितली तर काही ठिकाणी अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचं जास्त भाडं लावतात.

यावर तीन उपाय. एक, चोवीस तासांचा चेक-आउट असलेलं लॉज घ्या, म्हणजे ज्या वेळी खोली घेतली तिथून चोवीस तास. दोन, सामान लॉजच्या काउंटरला किंवा स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. क्लोक रूमला बॅगेला कुलूप आणि प्रवासाचं तिकीट लागतं. तीन, रेल्वेची रिटायरिंग रूम. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ती आयआरसीटीसीवर बुक होते, पण लवकर भरते.

कोकण रेल्वेचं पावसाळ्यातलं वेळापत्रक वेगळं असतं, आणि कामांमुळे काही गाड्या ठाणे किंवा दादरलाच थांबवल्या जातात. तिकीट काढताना वेळ आणि शेवटचं स्टेशन दोन्ही तपासा, मगच लॉज बुक करा.

परतीचा माल विसरू नका

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे गाठोडी असणार. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलोपर्यंत सामान मोफत नेता येतं. त्याहून जास्त असेल तर व्यापाऱ्यालाच विचारा, रत्नागिरीचा माल कुठल्या ट्रान्सपोर्टने पाठवता? थोडा माल सोबत, बाकीचा ट्रान्सपोर्टने, हे सोपं जातं.

सोबतच्या मालासाठी लॉजला दोन प्रश्न विचारा: खोली सोडल्यावर रात्रीपर्यंत सामान ठेवाल का? लिफ्ट आहे का? तिसऱ्या मजल्यावरून अरुंद जिन्याने तीन गाठोडी उतरवताना वाचलेले दोनशे रुपये आठवत नाहीत. आणि सायन-वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत. तिथे टॅक्सी किंवा हमाल, हा खर्च धरून ठेवा.

फोन करून बुक करा

ॲपवर "स्टेशनपासून ५ मिनिटं" लिहिलेलं असतं. कुठलं स्टेशन, पायी की गाडीने, ते नकाशावर बघा. जुन्या फोटोंपेक्षा अलीकडचे आणि वाईट रिव्ह्यू आधी वाचा. मग लॉजला फोन करा. भाडं टॅक्ससह किती, हे स्पष्ट विचारा. स्टेशनबाहेर "खोली पाहिजे का?" विचारणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

बिल दुकानाच्या नावाने घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. तरी हा धंद्याचा खर्च आहे, हिशेबात दाखवायला बिल लागतंच. ओळखपत्र म्हणून आधारची झेरॉक्स देताना पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार वापरा, ते यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून डाउनलोड होतं.

निघण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहा:

१. माझा बाजार कुठला आणि तो कुठल्या वारी बंद असतो?
२. गाडी कुठल्या स्टेशनला, किती वाजता पोचते?
३. खोली किती वाजता मिळते आणि किती वाजता सोडायची?
४. खोलीपासून बाजार पायी किती मिनिटं?
५. मुक्कामाचा एकूण खर्च खरेदीच्या किती टक्के?

या पाचही ओळींपुढे उत्तर लिहिता आलं, की तिकीट काढा. एखादी ओळ रिकामी असेल तर आधी एक फोन करा. रत्नागिरीतून केलेला फोन फुकट पडतो, मुंबईत गेल्यावर त्याच उत्तराचे पैसे पडतात.

खरेदीला शुभेच्छा!