पोटात ठेवलेला आजार

मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचा मधल्या फळीतला स्कॉटिश खेळाडू डॅरेन फ्लेचर २०११च्या मार्चनंतर काही काळ संघात दिसेनासा झाला. कारण सांगितलं गेलं ते कसल्याशा विषाणूचं. खरी गोष्ट वेगळीच होती. दिवसातून कितीतरी वेळा शौचाला धावावं लागत होतं, रक्त जात होतं, अंगातली ताकद ओसरत होती. हे त्याने सहकाऱ्यांपासूनही लपवलं. त्यासाठी खोटं बोलत राहिलो, असं पुढे त्यानेच सांगितलं. अखेर डिसेंबर २०११मध्ये क्लबने जाहीर केलं की फ्लेचरला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे आणि तो दीर्घ विश्रांती घेतो आहे. तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर खेळाडू टाळ्यांच्या गजरात मैदानाबाहेर जातो आणि डॉक्टर सांगतात, सहा-आठ महिने लागतील. हगवणीला टाळ्या कोण वाजवणार? परतीची तारीख तरी कोण देणार?

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, रक्त झिरपतं. त्याचाच भाऊबंद असलेला क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. आनुवंशिकता, आतड्यातले जिवाणू, परिसर अशी बरीच कारणं एकत्र येतात. तिखट खाल्लं म्हणून कुणाला कोलायटिस होत नाही. आजार कधी महिनोन्महिने शांत राहतो आणि मग अचानक उसळतो.

रक्त गेलं की हिमोग्लोबिन उतरतं आणि स्नायूंना प्राणवायू कमी पडतो. दमसासावर पोट भरणाऱ्याला हे किती महागात पडतं, ते नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्हला विचारावं. बार्सिलोना ऑलिंपिकच्या वर्षीच, १९९२मध्ये, त्याच्या कोलायटिसचं निदान झालं. औषधं सुरू झाली आणि मॅथ्यू पिन्सेंटच्या जोडीने त्याने सुवर्णपदक मिळवलं. १९९७मध्ये मधुमेहही मागे लागला. तरी २००० साली सिडनीत, वयाच्या ३८व्या वर्षी, त्याच्या चौघांच्या नावेने इटलीला ०.३८ सेकंदांनी मागे टाकलं. सलग पाच ऑलिंपिकमधलं हे त्याचं पाचवं सुवर्ण.

मात्र रेडग्रेव्हकडे बोट दाखवून ‘जिद्द असली की झालं’ असं रुग्णाला ऐकवणं क्रूरपणाचं आहे. औषध कुणाला लागू पडतं, कुणाला नाही. आजार उसळला की बहुधा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड देतात. ते सूज झटकन उतरवतं, पण फार दिवस घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, स्नायू झिजतात. शिवाय उत्तेजकविरोधी नियमांनुसार स्पर्धेच्या काळात पोटातून घेतलेलं असं स्टेरॉइड चालत नाही, एनिमातून घेतलेलंही नाही. त्यासाठी वैद्यकीय कागदपत्रं जोडून खास परवानगी मागावी लागते. म्हणजे आजार लपवायचा म्हटला तरी अर्जावर तो लिहावाच लागतो!

फ्लेचर सप्टेंबर २०१२मध्ये परतला खरा, पण दुखणं पुन्हा बळावलं. जानेवारी २०१३मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो हंगाम संपला. औषधं हरली की अशा रुग्णाचं मोठं आतडं काढून टाकतात. पुष्कळदा लहान आतड्याच्या टोकाची पिशवी शिवून शौचाचा मार्ग पुन्हा जोडतात. क्रोन्समध्ये मात्र रोगट भाग काढला तरी आजार दुसरीकडे डोकं वर काढू शकतो. डिसेंबर २०१३मध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्ध फ्लेचर बदली खेळाडू म्हणून उतरला. २०१५मध्ये तो वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडे गेला आणि तिथे कर्णधारही झाला.

अमेरिकेची जलतरणपटू कॅथलीन बेकर लहान वयातच क्रोन्सची रुग्ण झाली. तिने २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये रौप्य मिळवलं आणि २०१८मध्ये ५८.०० सेकंदांचा विश्वविक्रम केला. आजाराबद्दल ती उघडपणे बोलत आली आहे.

आपल्याकडे संकोचाच्या जोडीला निदानाचा घोळही असतो. शौचावाटे रक्त म्हणजे मूळव्याध आणि आव पडली म्हणजे अमीबा, असं घरातच ठरतं. त्यात आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स दुर्बिणीतून इतके सारखे दिसतात की तज्ज्ञही बुचकळ्यात पडतात. क्षयाच्या रुग्णाला क्रोन्सचा समजून स्टेरॉइड दिलं तर क्षय फोफावतो. म्हणूनच काही आठवडे रक्त जात असेल, तर खेळाडू असो वा नसो, पोटविकारतज्ज्ञाकडून कोलोनोस्कोपी आणि बायोप्सी करून घ्यावी लागते.