दाभोळचा करार आणि मतदाराची हतबलता

मोठ्या कंपन्या, त्यांच्या भांडवलाची सत्ता आणि आलटून पालटून अधिकारावर येणारे पक्ष यांच्याविषयी सामान्य माणसाच्या मनात जो उद्वेग साठत जातो, त्याला सुशिक्षित मंडळी पुष्कळदा अज्ञानाचे लक्षण समजतात. परंतु ह्या उद्वेगाच्या मागे दिनांक आहेत, दस्तऐवज आहेत, सह्या आहेत, आणि महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ते सारे एकाच प्रकरणात एकत्र सापडतात. ते प्रकरण म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाजवळ, अंजनवेलच्या परिसरात उभा राहिलेला दाभोळचा वीजप्रकल्प.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एन्रॉन कंपनीची माणसे जून १९९२ मध्ये आली आणि काही दिवसांतच, कोणतीही स्पर्धात्मक निविदा न मागवता, राज्य वीज मंडळाने त्यांच्याशी प्राथमिक करार केला. परदेशातून आणलेल्या द्रवरूप वायूवर चालणारे सुमारे दोन हजार मेगावॉटचे केंद्र, अशी ती योजना होती. खाजगी भांडवलाचा पुरस्कार करणाऱ्या जागतिक बँकेनेही १९९३ साली हा प्रकल्प आर्थिक दृष्ट्या परवडणारा नाही असे सांगून कर्ज नाकारले. तरीही त्याच वर्षी ८ डिसेंबरला, शरद पवार मुख्यमंत्री असताना, वीजखरेदीच्या करारावर सह्या झाल्या, आणि ज्या ग्राहकांच्या बिलातून त्याची फेड व्हावयाची होती, त्यांच्यापासून तो गोपनीय म्हणून दूर ठेवण्यात आला.

ह्या कराराची रचना समजून घेणे अवघड नाही. विजेच्या किमतीचे दोन भाग होते. पहिला स्थिर आकाराचा: केंद्र वीज देण्यास सज्ज असले की मंडळाने ती उचलो वा न उचलो, भांडवलाचा खर्च आणि त्यावरील नफा भरलाच पाहिजे. दुसरा इंधनाचा: त्याची किंमत बाजारात जी असेल ती. शिवाय दराचा मोठा हिस्सा डॉलरशी बांधलेला होता, आणि १९९३ साली सुमारे ३१ रुपयांना मिळणारा डॉलर २००१ साली ४६ रुपयांच्या पुढे गेला. त्यामुळे रुपया घसरला तर तोटा मंडळाचा, तेल महागले तर तोटा मंडळाचा, आणि मागणी कमी पडली तर तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर विभागला जाऊन दर आणखी चढणार. २००० सालच्या काही महिन्यांत तो युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला, आणि ही वीज घेता यावी म्हणून मंडळाला स्वतःची स्वस्त वीज देणारी केंद्रे कमी क्षमतेवर चालवावी लागली. मंडळ थकले तर राज्याची हमी, राज्य चुकले तर केंद्राची प्रतिहमी, आणि वाद झालाच तर त्याचा निवाडा लंडनच्या लवादापुढे! जो जोखीम पत्करतो त्याला नफ्याचा अधिकार, हे भांडवलशाहीचे स्वतःचे समर्थन आहे. येथे नफा कंपनीच्या नावे लिहून दिला गेला आणि जोखीम मात्र रयतेच्या.

राजकारणाचा भाग ह्याहूनही क्लेशकारक आहे. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांनी हा करार मोडण्याचे वचन देऊन मते मागितली, लोकांनी ती दिली, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारने करार खरोखरच रद्द केला. लोकशाहीत मताला किंमत असते असे त्या दिवशी अनेकांना मनापासून वाटले असेल. पण नोव्हेंबरात कंपनीच्या प्रमुख अधिकारी रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या, वाटाघाटी पुन्हा सुरू झाल्या, आणि १९९६ च्या आरंभी तोच प्रकल्प दोन्ही टप्प्यांसह पुन्हा मान्य झाला. पहिल्या करारात ऐच्छिक असलेला दुसरा टप्पाही आता बंधनकारक ठरला. पुढे मे महिन्यात, भारतीय जनता पक्षाच्या तेरा दिवसांच्या केंद्र सरकारने, विश्वासदर्शक ठरावावर चर्चा चालू असताना, प्रतिहमीला मंजुरी दिली. काँग्रेसने सही केली, विरोधकांनी ती मोडली आणि मग स्वतःच पुन्हा केली. दोन्ही बाजूंना मत देऊन पाहिल्यावर ज्याच्या हाती तोच करार उरतो, त्या मतदाराने नकार द्यावयाचा तरी कोणत्या चिन्हावर?

ज्यांनी नकार दिला त्यांचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. जमीन, आंबा आणि खाडीतील मासळी यांच्या काळजीने गुहागरची गावे आंदोलनात उतरली होती. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूर ह्या कोळ्यांच्या गावात, बरेचसे पुरुष समुद्रावर गेलेले असताना, पोलिस घराघरांत शिरले आणि स्त्रियांना मारहाण करून त्यांनी अटक केली. प्रकल्पाच्या बंदोबस्तासाठी ठेवलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी सरकारकडे भरत होती, असे ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेने १९९९ च्या आपल्या अहवालात नमूद केले आहे. नागरिकाच्या रक्षणासाठी नेमलेल्या शिपायाचा खर्च ज्याच्याविरुद्ध नागरिकाची फिर्याद आहे त्यानेच द्यावा, ह्याहून अधिक स्पष्ट रीतीने सत्ता कोणाकडे आहे हे सांगता येणार नाही, आणि हे वाचून ज्याला संताप येत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबविले, डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली, आणि केंद्र बंद पडून राहिले. ज्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्र तासन्‌तास भारनियमन सोसत होता, त्यांतील काही वर्षे ते तसेच उभे होते. २००५ साली सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांना पुढे करून त्याची नवी व्यवस्था लावावी लागली, म्हणजे निस्तरण्याचा भारही अखेर जनतेवरच आला. माधव गोडबोले समितीने २००१ साली हे अपयश एका सरकारचे नसून राज्यातील व केंद्रातील निरनिराळ्या सरकारांचे असल्याचा निर्वाळा दिला. दोष एवढा सर्वांमध्ये वाटला गेला, की जबाबदार असे कोणीच उरले नाही.

तरीही ह्या प्रकरणातून केवळ निराशाच घ्यावी असे मला वाटत नाही. पुण्याच्या 'प्रयास' गटातील काही अभ्यासू तरुणांनी कराराचा आर्थिक हिशेब मांडला, कामगार संघटनेने न्यायालयात दाद मागितली, गुहागरच्या गावकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या; आणि ह्या सर्वांचे आक्षेप पुढे एकामागून एक खरे ठरले. तज्ज्ञता, धैर्य आणि दूरदृष्टी समाजात होतीच. सही होण्यापूर्वी ती उपयोगी पडावी असा मार्ग तेवढा बंद होता. म्हणून माझी मागणी एकच आहे आणि ती प्रत्येक पक्षाकडे आहे: ज्या करारासाठी सार्वजनिक तिजोरी तारण पडते, त्याचा संपूर्ण मसुदा, दराच्या सूत्रासह आणि हमीच्या कलमांसह, सह्या होण्यापूर्वी मराठीत प्रसिद्ध झाला पाहिजे आणि विधिमंडळात त्यावर उघड मतदान झाले पाहिजे. जो उमेदवार मत मागावयास येईल त्याला हे मान्य आहे काय, असे त्याच्या तोंडावर विचारावे, आणि उत्तर टाळणाऱ्याला, तो कोणत्याही पक्षाचा असो, मत देऊ नये.